एकही हरकत आली नाही

प्रिय आबा,

तीन दिवस झाले, टेबलावर एक कागद पडून आहे. वर 'प्रति, मा. मुख्याधिकारी' एवढंच लिहिलंय. पुढे हात चालत नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली आहे, आबा. उद्या खुलासा द्यायचाय. आज सकाळी माय बाजाराला गेली, तेव्हा मी तो कागद बाजूला सारला आणि दुसऱ्यावर तुमचं नाव लिहिलं. साहेबांना काय सांगायचं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय सुचणारच नाही, असं वाटलं.

आधी वाईट बातमी. तुमची बाग गेली. सरकारी दवाखान्यासमोरची, जिथे तुम्ही सव्वीस वर्षं नगरपालिकेचे माळी म्हणून राबलात, ती. कडुनिंब, करंज, फाटकावरची मधुमालती, काही राहिलं नाही. तिथे आता मोठा खड्डा आहे. पाण्याची टाकी होतेय.

आणि त्या टाकीचा ठराव टाइप केला तो मी!

तुम्ही नोकरीत असताना गेलात म्हणून मला अनुकंपावर बांधकाम विभागात घेतलं. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "सुनी, नशीब काढं तू." बाप गेला आणि पंख्याखालची खुर्ची मिळाली, याला नशीब म्हणतात का? पण मायचं औषध, धाकट्या संदीपचं कॉलेज, सगळं त्या खुर्चीवर उभं आहे. ती सोडता येत नाही. तिच्यात बसवतही नाही.

एक गोष्ट तुमच्याशी कधी बोलले नाही. आठवीत होते मी. चार दिवसांआड नळ यायचा आणि त्या वेळी तोही आला नव्हता. मायला ताप होता, म्हणून मी घागर घेऊन बागेत आले. तुम्ही पाइप धरून हिरवळीला पाणी देत होता. मी घागर पुढे केली. चार बायका बघत होत्या. तुम्ही पाइप हलवलासुद्धा नाहीत. म्हणालात, "हाई पाणी बागनं शे, सुनी. घर जाय."

आठ दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही का नाही भरलीत, आबा? एक घागर! बोअर नगरपालिकेची, एकाला दिलं की दहा जणी येतील, हे आता कळतं. तेव्हा फक्त एवढं कळलं, की माझ्या बापाला घरापेक्षा गुलाब जवळचे.

मायसुद्धा विसरली नव्हती. तुम्ही जेवताना म्हणायचात, "दवाखानामाईन बाहेर येल मानूसले काहीतरी हिरवं दिसाले जोयजे." ती भाकरी थापता थापता म्हणायची, "मन्ही घागर रिकामी शे. तिले गुलाब दखाडू का?" तुम्ही खाली मान घालून जेवायचात. सव्वीस वर्षांत ती एकदाही त्या बागेत येऊन बसली नाही. तुम्ही कधी तिला बोलावलंत का हो?

मागच्या वर्षी बागेचा विषय नगरपालिकेच्या सभेत आला. मी कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला बसले होते. एक गट म्हणाला, शहर सुंदर दिसलं पाहिजे; तिथे रंगीत कारंजं करा, गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं लावा, फोटो काढायला जागा करा. दुसरा गट म्हणाला, लोकांच्या घशाला कोरड आणि तुम्हाला कारंजी सुचतात? सरकारचा निधी उपयोगासाठी आहे, शोभेसाठी नाही. तिथे टाकी बांधा. दोन्हीकडून बाकं वाजत होती. तुमची आहे तशी बाग हवी, असं म्हणणारा एकही नव्हता. माझ्यापुढे दोनच शीर्षकं होती, सुशोभीकरण आणि पाणीपुरवठा. तुमची बाग मी कशात लिहिणार होते?

खरं सांगू? टाकीचं ठरलं तेव्हा मला आनंद झाला. त्या टाकीचं पाणी आपल्या गल्लीला येणार होतं. मी घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "व्हऊ दे. उशिरा का व्हयेना." मला वाटलं, माझी ती घागर आता भरली. तुमच्यावर सूड उगवल्यासारखं वाटलं हो, आबा! माफ करा.

मग हरकतींची नोटीस निघाली. तीस दिवस मुदत, हरकती माझ्या टेबलावर द्यायच्या. अठ्ठावीस दिवस कुणी फिरकलं नाही. एकोणतिसाव्या दिवशी एक म्हातारा आला. धडगावच्या वरच्या पाड्यावरचा, खेमा नाव. बायको बारा दिवसांपासून दवाखान्यात होती. पावरी बोलीत थोडी आपली अहिराणी मिसळून बोलत होता.

"बाई, ती बाग तोडशात का?"

"हो दादा. टाकी होणार आहे."

"मंग आम्ही कोठे बसू? आत एकच मानूस ऱ्हावू देतस. आम्ही चार जन शे. तठेच रांधतस, तठेच बठतस. सावली शे ना तठे."

मी म्हटलं, "लेखी द्या."

तो हसला. "माले लिव्हता येत नही. तूच लिव्ह."

मी पेन उचललं होतं. खरंच उचललं होतं. मागच्या टेबलावरून आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, तो आपल्या हद्दीतला नाही. ना घरपट्टी, ना मत. एका हरकतीनं सुनावणी लावावी लागेल, काम वर्षभर लांबेल. पाणी तुमच्याच गल्लीला जायचंय ना?"

मी पेन खाली ठेवलं. म्हाताऱ्याला सांगितलं, "दादा, साहेब नाहीत. उद्या या." साहेब आत होते. त्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

तो दुसऱ्या दिवशी आला. साहेबांच्या दाराबाहेर, भिंतीला टेकून बसून राहिला. मी दुपारी डबा खायला मागच्या दारानं गेले आणि संध्याकाळी घरीही त्याच दारानं गेले. मुदत संपली. मी टाइप केलं, 'विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही.' खाली माझी आद्याक्षरं.

पुढच्याच आठवड्यात बागेत मशीन आलं; तो दिवस मी रजा टाकून घरात काढला. दुसऱ्या दिवशी कामाच्या पाहणीला मलाच पाठवलं. चैत्रातलं ऊन, आबा, डोळे उघडवत नव्हते. दवाखान्यासमोर पाड्यांवरची माणसं रस्त्याच्या दुभाजकावर बसली होती. डोक्यावर चादर धरून एक बाळंतीण जीपची वाट पाहत होती. आणि माती वाहणाऱ्या डंपरच्या सावलीत खेमादादा होता. दवाखान्यानं बायकोला सोडलं होतं, घरी न्यायला. ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डंपर हलला की तिला उचलून दुसऱ्या सावलीत न्यायचं.

त्यानं मला ओळखलं. मला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! तो विचारतो, "बाई, साहेब उना का?"

टोमणा नव्हता तो. त्याला खरंच वाटत होतं, साहेब अजून यायचेत.

मी ऑफिसात गेले आणि आवक नोंदवही उघडली. पाहणीच्या दिवसाचीच तारीख घालून तो बोलला होता ते सगळं लिहिलं. त्याचं नाव, त्याचा पाडा. 'हरकत क्रमांक एक. तोंडी. अर्जदार मुदतीत हजर होता, नोंद आज घेतली.' त्यानं काही थांबणार नव्हतं. झाडं पडली होती, खड्डा खणला जात होता. पण भाऊसाहेबांनी वही पाहिली आणि चौथ्या दिवशी नोटीस आली: मुदतीनंतर विनाअधिकार नोंद का केली?

साहेब तसे वाईट नाहीत. मला बोलावून म्हणाले, "'नजरचुकीने झाली' एवढं लिहा. मी फाइल बंद करतो. तुमच्या वडिलांना ओळखत होतो मी." मी काल मायला सगळं सांगितलं आणि काय लिहू ते विचारलं. ती चिडली. "लिही दे नजरचूक! तुन्हा बापनी फुलेसकर्ता माले तरसाडं, आते तू झाडेसकर्ता नोकरी घालाडशी का?" नंतर हळूच विचारलं, "त्या डोसानी बायको... जगनी का?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, आबा.

दोन्हीकडून दार बंद आहे. नजरचूक लिहिली तर नोकरी राहील, आणि रोज त्याच टेबलावर बसावं लागेल. खरं लिहिलं तर काय होईल सांगता येत नाही. आणि टाकी नको, असंही मला म्हणता येत नाही! मायनं आणखी किती वर्षं हंडे वाहायचे? सुंदर की उपयोगी, यावर सभेत दोन तास भांडण झालं. दुभाजकावरच्या बाळंतिणीला यातलं काय मिळालं? तुम्ही सावली लावलीत. ती शोभेची आहे, असं ठरवलं कुणी? आम्हीच. मीसुद्धा.

पण तुमचीही थोडी चूक आहे. तुम्ही फुलांबद्दल बोललात, सावलीत कोण बसतं ते घरात कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतं, तर कदाचित मायचा राग उतरला असता. कदाचित माझाही.

हे लिहिता लिहिता तो दुसरा कागद पुढे ओढला आणि खुलासा लिहून टाकला. पाचच ओळी झाल्या. 'नोंद मी जाणूनबुजून केली. हरकत मुदतीत आली होती. तेव्हा ती घेतली नाही, हा माझा दोष आहे. टाकीच्या कुंपणाच्या आत नातेवाइकांसाठी निवारा आणि झाडं घ्यावीत, ही विनंती.' वाचून पाहिलं. खाडाखोड केली नाही.

एक वचन देते, आबा. खुलासा देऊन मी धडगावची एस.टी. धरणार आहे. पुढे जीप मिळेल तिथवर, मग पायी. खेमादादाचा पाडा शोधणार. त्याची बायको कशी आहे ते विचारणार, आणि त्याच्या समोर बसून सांगणार की दादा, त्या दिवशी साहेब आतच होते. खोटं मी बोलले.

तुमची,
सुनी