दोरीबाहेरचा कोपरा

आई, मळवलीच्या खाचरात तू दोरी ताणून भात लावायचीस, ते दिवस या आठवड्यात सारखे आठवताहेत. मी लोणावळ्याच्या शाळेत चित्रकला शिकवते, हे बघायला तू राहिली नाहीस. शाळेची एक अख्खी भिंत मला रंगवायला दिली, खाली माझं नाव येणार होतं. विषय मीच निवडला, भातलावणी. रंगात बुडवलेली सुतळी ताणून ओळी आखल्या, एकेक रोप बेतून काढलं. मुख्याध्यापिका खूश. "छान झालंय, आता हात लावू नका." मला मात्र भिंतीसमोर उभं राहवेना. चित्र नीटनेटकं होतं आणि मेलेलं होतं. त्याखाली नाव घालायची मला लाज वाटत होती.

मी नववीत असेन. दोरी सोडून मी रोपं गोल गोल लावत गेले, चांगली नक्षीच केली. तू येतेस, सगळी उपटतेस आणि माझ्या हातात देतेस. "रांगोळी हाय व्हय ही? बेननीला, तण काडाया, बाया पाय कुटं ठिवतील?" मी रडत रडत पुन्हा दोरीला लागले. तुझा भयंकर राग आला होता. पण दिवस कलला, बांधालगतचा शेवटचा कोपरा उरला आणि तू दोरी गुंडाळून खांद्यावर टाकलीस. "हितं बेननीला बांदावरनंच हात पुरतोय. लाव तुला पायजे तशी." आणि तूच गायला लागलीस, सगळा सूर सोडून, बाया हसून बेजार होईपर्यंत. शिस्त आणि ऊर्मी यांवर मी पुढे पुष्कळ वाचलं. पण दोरी दुसऱ्याच्या पायांसाठी असते आणि जिथे कुणाचा पाय पडणार नाही तिथे हात मोकळा सोडावा, हे मला त्या कोपऱ्यात कळलं. संसारही मी तसाच केला, आणि चांगला केला.

काल भिंतीचा उजवा कोपरा पांढरा केला आणि हाताला येईल तसा हिरवा फिरवला. बाकीच्या ओळी तशाच ठेवल्या, त्यांच्यामुळेच तो कोपरा उसळतोय. मुख्याध्यापिकांच्या कपाळावर आठ्या. "हा असा का?"

"तिथे कुणाला पाय ठेवायचा नाही," मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही, पण बराच वेळ त्या तिथेच उभ्या होत्या.

हा कागद माझ्याच कपाटात राहील. एक मात्र सांगते. नाव लिहिताना मी सुतळी मारली नाही, ओळ वर चढली आहे. सगळे छान म्हणाले. तू असतीस तर ओरडली असतीस, आणि मला तेवढंच हवं होतं.