मालू गैरहजर

१० जून ५८
शाळा सुरू झाली एकदाची. करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका उठला तेव्हापासून इमारत रिकामीच पडली होती. तहसिलीत सहा अर्ज दिले, तेव्हा किल्ली मिळाली. आत अजून गुळाच्या ढेपांचा वास आहे. नाक्याचा जुना शिपाई कादरभाई आपणहून आला नि झाडू मारायला लागला. म्हणाला, "गुरुजी, इथं म्या जिंदगीभर मालाच्या बंड्या अडवल्या. आता पोरं आत घेतो."
आठ पोरं. सहा धडधाकट, गल्लीतली. सोजर शेतकऱ्याची, जन्मापासून दिसत नाही. चंद्री पाथरवटाची, तिला ऐकू येत नाही. सगळी एकाच खोलीत. लोक विचारतात, वेगळी का बसवत नाही? खोली दुसरी आहे कुठं!
हजेरीत पहिलं नाव मालूचं घातलं. मालती. आमची एकुलती एक. पुण्याला बहिऱ्या-मुक्यांच्या वसतिगृहात आहे, तीन वर्षं झाली. इकडं तशी शाळा असती तर सात वर्षांची पोर तिकडं टाकून आलो नसतो. लोकांना काही सांगितलं तरी शाळा काढली ती तिच्यासाठी, ती परत यावी म्हणून.
सौ.ला हजेरीचं बोललो नाही. मालूच्या रकान्यात 'गै.' लिहिलं.

३ जुलै
पुण्याहून पत्र. मालूची तब्येत बरी. पुन्हा तीच ताकीद, सुटीत घरी हातवारे करू देऊ नयेत, तोंडानं बोलायला लावावं, नाहीतर वर्षाची मेहनत पाण्यात.
पाणी. नेमका हाच शब्द.
गेल्या मे महिन्यात ताकीद पाळली मी, अगदी मास्तरकीनं पाळली. मालू माठाशी उभी, अंगठा ओठाला लावून. मी म्हटलं, 'पाणी' म्हण. तिनं पुन्हा अंगठा दाखवला. मी माठावर हात ठेवून उभा. बराच वेळ झाला. मग ती वळली आणि शेजारी जाऊन पाणी प्यायली.
सौ. चुलीपासून उठली नाही. एवढंच म्हणाली, "लेकरू दुसऱ्याच्या दारात पाणी प्यालं. झालं समाधान?"
बाकीची सुटी मालूनं हात पाठीमागं बांधून काढली. तिकडं तशीच सवय लावतात. गाडीत बसल्यावरही हात हलवला नाही.

१९ नोव्हें.
चंद्रीला 'प' शिकवतोय पाच महिने. तोंडासमोर कागदाचा कपटा धरायचा, 'प' म्हटलं की तो हलतो. कपटा हलतो, चंद्री हसते, पुढं काही नाही. माझी सारी तालीम उर्दूत, मराठी शिकवायला मी विलीनीकरणानंतर शिकलो, आणि बहिऱ्या पोरीला बोलायला शिकवतोय. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

२ डिसें.
आज बघितलं. चंद्रीनं अख्ख्या वर्गाला खुणा दिल्या आहेत. दाढीवरनं हात म्हणजे कादरभाई. डोळे मिटून मान तिरकी म्हणजे सोजर. धोतराचा सोगा सावरणं म्हणजे मी. सगळी पोरं त्या खुणांनी बोलतात, मला पत्ता नाही.
मी सवयीनं तिचे हात धरले. तिनं माझ्याकडं बघितलं. माठापाशी मालूनं बघितलं होतं, अगदी तसं.
हात सोडले. बाहेर जाऊन ओट्यावर बसलो. कादरभाई आला. "काय झालं, गुरुजी?" म्हटलं, लई मोठी चूक झाली, कादरभाई. तो म्हणाला, "चूक समजली व्हय? मग चला की आत. पोरं वाट बघायलीत."
मालूनंही अशाच खुणा काढल्या होत्या, पाच वर्षांची असताना. गालावर दोन बोटं म्हणजे ती स्वतः, तिथं तिला तीळ आहे. नाकाशी चिमूट म्हणजे मी, तपकिरीमुळं. मे महिन्यापासून ती चिमूट बघितली नाही. तपकीर मात्र चालू आहे.

८ जाने. ५९
हजेरीची नवी रीत पोरांनीच बसवली. सोजरला सगळी नावं पाठ, ती खणखणीत पुकारते. चंद्री तिच्याशेजारी उभी. कुणाचं नाव आलं ते सोजर तिच्या हातावर बोटानं सांगते, ते दोघींचं काहीतरी आहे, मला उमगत नाही. चंद्री त्याची खूण करते. ज्याचं नाव तो पाय आपटतो, म्हणजे सोजरला कळतं की हजर.
पहिलंच नाव मालूचं. चंद्री अडली. ही कोण? मी गालावर दोन बोटं ठेवून दाखवली.
आता रोज सकाळी नाव येतं, खूण येते. सोजर जरा थांबते आणि पुढचं नाव घेते.

२१ जुलै ५९
पोरं तेवीस. एक घिसाड्याचा, पोलिओनं पाय गेलेला. दोन येडशीहून, इथं मामाकडं राहून शिकतात. तिघांच्या आयांनी पोरं काढून नेली, मुक्यात बसून मुकी होतील म्हणून. दोघी महिन्यात परत घेऊन आल्या.
इतकी पोरं आली. एक आली नाही.

१४ सप्टें. ५९
इन्स्पेक्टर येऊन गेले. मान्यता मिळाली तरच पुण्याला लिहिता येतं की पोर इकडं पाठवा, म्हणून सौ.नं सकाळपासून देव पाण्यात ठेवलेले. साहेबांनी हजेरी उघडली.
"ही मालती कोण? सव्वा वर्ष गैरहजर! नाव कमी करा."
म्हटलं, येणार आहे.
"कधी?"
मागून सोजर बोलली, "सायेब, तिचं नाव पहिलं हाय. ते काढलं तर माझं समदं चुकतंय."
साहेब हसले. नाव राहिलं. मान्यतेचं 'बघू' म्हणाले.
घरी आल्यावर सौ.ला हजेरीचं सांगावंच लागलं. रागावेल वाटलं. ती म्हणाली, "तुमची हजेरी वाया जाते. मी रोज तिच्या वाटची भाकरी थापते. ती निदान कादरभाई खातात."
सव्वा वर्ष आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो.

६ ऑगस्ट ६०
मान्यता आली! पुण्याला लिहिलं. चार वेळा फाडून लिहिलं.

२ सप्टें.
उत्तर आलं. मुलगी बारा वर्षांची आहे, समजूतदार आहे, दिवाळीत येऊन बघेल आणि स्वतः ठरवेल. बरोबरच आहे. तरी रुचलं नाही.
खाली मालूच्या अक्षरात एक ओळ. अक्षर वळणदार झालंय.
"बाबा, तुमच्या शाळेत हात चालतात का?"
उत्तर एका शब्दाचं. पण तो लिहिण्याआधी माठाचं सगळं लिहिलं. माझं चुकलं असं लिहिलं. बापानं लेकीला असं लिहायची आपल्यात रीत नाही. सौ.नं वाचलं, पाकीट चिकटवलं.

१८ ऑक्टो.
मालू आली, अडीच वर्षांनी. मधल्या सुट्या तिकडंच काढल्या. सोलापूरच्या मोटारीनं, सोबतीला तिकडच्या बाई. उंच झाली आहे, सौ.च्या खांद्याला लागते. उतरल्यावर स्पष्ट म्हणाली, "आई. बाबा." गल्लीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही.
हात पाठीमागंच.

२४ ऑक्टो.
सहा दिवस. 'पाणी' म्हणते, 'पुरे' म्हणते, दर शब्दानंतर आमच्या तोंडाकडं बघते, बरोबर आला का म्हणून. जुन्या खुणा मी करून बघितल्या. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही दिसलं नाही. पत्राबद्दलही काही नाही. विसरली असेल. विसरली असेल तर दोष कुणाचा?

३१ ऑक्टो.
तिला सुटी दोन आठवडे, आपण बाराच दिवस दिली होती. आज शाळा उघडली. तिला घेऊन गेलो. दाराशी उभी राहिली, आत आली नाही.
सोजरनं पहिलं नाव पुकारलं. चंद्रीनं गालावर दोन बोटं ठेवली.
मालू दचकली. कधी न पाहिलेली पोर, आणि तिची खूण करते. तिचे हात पाठीमागून सुटले. आधी गालावर गेले. मग चंद्रीला काहीतरी विचारलं, भरभर. चंद्रीनं माझ्याकडं बोट केलं आणि सोगा सावरल्याची खूण केली.
मालूनं मान हलवली, तसं नाही. आणि चंद्रीला शिकवलं, नाकाशी चिमूट.
मी फळ्याकडं तोंड करून तारीख लिहीत राहिलो. तारीख दोनदा लिहिली.
सोजर थांबली होती. रोजच्यापेक्षा जास्त थांबली. पाय आपटल्याचा आवाज आला नाही. मालूला ती रीत माहीत नाही, की माहीत झाली तरी आपटला नाही, कोण जाणे. मी सांगितली नाही. सोजर म्हणाली, "गुरुजी, दारात कोण हाय? फुडचं नाव घिऊ?" म्हटलं, घे.
परवा पुण्याच्या बाई न्यायला येणार. राहणार का, ते मालूला विचारलं नाही, सौ.लाही विचारू दिलं नाही.
पहिल्या रकान्यात आज 'गै.' लिहवेना. 'ह.' लिहायचा हक्क नाही. कोरा ठेवून हजेरी मिटली.