बारावी पायरी

मुलुंड (पूर्व),
७ डिसेंबर २०२५

प्रिय सहदेव,

सप्रेम नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही, ठाऊक नाही. मी अनुपमा. अंधेरीच्या लॅबमध्ये पाच वर्षं तुझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी आणि तुझ्या डब्यातल्या सुकटीला नाकं मुरडत अर्धी सुकट संपवणारी. तुझा पत्ता जुन्या मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाला. फोन नंबरही मिळाला होता. तीनदा लावायला घेतला आणि तीनदा ठेवून दिला. मग म्हटलं, आपण कागदावरच बरे.

तू आणि घरची मंडळी मजेत असाल. आमचं झकास चाललं आहे. ऑक्टोबरअखेर मी त्याच लॅबमधून निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी लॅबमधल्या मुलांनी एका मोठ्या गोल फ्लास्कमध्ये निशिगंधाची फुलं घालून दिली. फ्लास्क माझाच, स्टोअरमधून उचललेला. माझा नवरा देवदत्त बँकेतून दोन वर्षं आधीच सुटला होता, त्यामुळे घरात आता दोन रिकामी माणसं आहेत आणि भाजी कोणी निवडायची यावर रोज चर्चा होते. सकाळी डोंगराच्या बाजूला फिरायला जातो. गुडघे कुरकुरतात, पण चालतात.

लॅबमधली माझी सगळी वर्षं मोजली तर माझ्या हातून निसर्गातले सात रेणू बांधून पुरे झाले. एक कुड्याच्या सालीतला, दोन बुरशीतले, बाकीचे समुद्रातले. सातही एकत्र केले तर चहाच्या चमच्यात मावतील. देवदत्त पाहुण्यांना सांगतो, "स्पंजसारखा समुद्री जीव पाण्यात बसल्या बसल्या जे करतो, ते करायला हिला वीस पायऱ्या आणि सहा वर्षं लागतात." पाहुणे हसतात, मीही हसते, कारण खोटं काहीच नाही. पण शेवटची पायरी झाली, मशीनमधून आलेखाचा कागद बाहेर आला आणि आपल्या रेघा निसर्गाच्या रेघांवर तंतोतंत बसल्या, की जे होतं ते त्याला कसं सांगायचं? तुला सांगावं लागणार नाही. सहदेव, मी सुखाने जगले. हवं ते काम मिळालं, ते जमलं, आणि घरी आल्यावर कुणी तरी चहा टाकलेला असायचा.

नमनालाच घडाभर तेल चाललं आहे, कळतंय मला.

श्रुतिका नावाची माझी शेवटची विद्यार्थिनी आहे. घाटकोपरची, बोलायला फटकळ, हात सोन्याचा. तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "मॅम, जुन्या रिपोर्टमध्ये एक रेणू अर्धवट सोडलाय. गोराईच्या खडकांवरच्या स्पंजमधला. मी करू?" मी नको म्हणाले. कारण विचारल्यावर मी विषय बदलला. मग तिने तोच घेतला.

तो तुझा रेणू. आपल्या सरांनी स्पंजमधून काढला, त्याच्या रचनेचं चित्र छापलं, आणि ते चित्र समोर ठेवून तू बावीस पायऱ्यांत तो बांधलास. अकरा मिलिग्रॅम. आणि रेघा जुळल्या नाहीत. स्पंजच्या रेघांपासून तुझ्या दोन रेघा सरकलेल्या होत्या, बाकी सगळं जागच्या जागी. सर म्हणाले, एका कार्बनवरचा हायड्रोजन उलट्या बाजूला बसला आहे, आणि तो बसतो बाराव्या पायरीत. सरांनी तुझी वही उघडली, तारीख बघितली. गणेश चतुर्थीच्या आदल्या आठवड्यातली. भर मीटिंगमध्ये ते म्हणाले, "गावची गाडी पकडायच्या घाईत केलेलं काम असंच असतं."

तू वही मिटून घेतलीस. दोन महिन्यांनी तू लॅब सोडलीस.

आता श्रुतिकाने काय केलं ते ऐक. तिने तो हायड्रोजन मुद्दाम सरांच्या चित्राच्या उलट बाजूला बसवला आणि रेणू पुरा केला. स्पंजच्या रेघांवर रेघ न रेघ बसली. म्हणजे सरांचं चित्रच चुकलं होतं. मग मी जुन्या फ्रीजमधून तुझी बाटली शोधून काढली. त्यातून तिने स्फटिक वाढवला आणि एक्स-रेखाली घातला. हायड्रोजन बरोब्बर तिथेच आहे, जिथे सरांनी काढला होता. तुला जे बांधायला सांगितलं होतं, तेच तू बांधलंस. बावीसच्या बावीस पायऱ्या बरोबर होत्या. सर दोन हजार नऊमध्ये गेले, नाहीतर कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेले असते. चूक निघाली असती तर मान्य करणारे होते ते.

इथे पत्र संपवता आलं असतं. आनंदाची बातमी, अभिनंदन, कधी तरी घरी ये. देवदत्तला मी तेवढंच सांगितलं होतं. पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवायचं?

बारावी पायरी तू केली नव्हतीस, सहदेव. मी केली होती. हे तुलाही माहीत आहे. एस.टी. पकडायला निघताना तू म्हणाला होतास, "अनु, अकराव्या पायरीचा माल टिकत नाही यार, फ्रीजमध्येही काळा पडतो. बारावी तेवढी तू मारून दे ना." मी हो म्हटलं. वही तुझी, पानावर नाव तुझं, तारीखही तू आधीच घालून ठेवलेली. तुला माहीत नाही ते पुढचं.

उणे अठ्ठ्याहत्तर अंशांवर तीन तास ठेवायचं होतं. ड्राय आइसवालाही सणासाठी आधीच गावी गेलेला. पेटीत अर्धाच ड्राय आइस होता, मला वाटलं पुरेल. दोन तासांनी संपला. मी थर्मामीटर बघितला तेव्हा उणे चाळीस होतं. फेकून दिलं असतं तर तुझे सहा महिने गेले असते. म्हणून तसंच पुढे रेटलं. आणि तुझ्या वहीत, तुझ्या पानावर, मी उणे अठ्ठ्याहत्तर लिहिलं. खाली सही केली नाही.

रेघा जुळल्या नाहीत तेव्हा मला वाटलं, हे माझ्यामुळे. सर तुला बोलत होते तेव्हा मी समोर पेन्सिलीला टोक करत होते. एक वाक्य पुरलं असतं. मला पुढच्या संशोधनासाठी स्वित्झर्लंडला जायचं होतं, सरांचं शिफारसपत्र हवं होतं, आणि मी टोक करत राहिले.

गंमत बघ, ती पायरी उणे चाळीसलाही नीटच झाली होती. मी न केलेली चूक लपवली आणि तुला न केलेल्या चुकीसाठी बाहेर पडावं लागलं. हे कळल्यावर माझा अपराध निम्मा होईल असं मला वाटलं होतं. उलट वाढला. खरा आकडा लिहिला असता तर सरांनी ती पायरी पुन्हा करायला लावली असती, तोच रेणू पुन्हा मिळाला असता, आणि त्यांना स्वतःच्या चित्राकडे बघावंच लागलं असतं. सगळं एका वर्षात उलगडलं असतं. तुझं नाव झालं असतं.

पेपर तयार आहे. श्रुतिकाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅम, त्यांना विचारा." म्हणून विचारते. पेपरवर तुझं नाव हवं आहे. तुझ्या संमतीशिवाय लावता येत नाही आणि लावणार नाही. तू नाही म्हणालास तर पेपर श्रुतिकाचा एकटीचा जाईल, माझं नाव मी काढून घेईन. हो म्हणालास तर नावाखाली पत्ता लागतो. कुठला लावू तेही कळव.

उत्तराची वाट बघते असं म्हणायचा मला हक्क नाही. तरी बघते.

तुझी अपराधी,
अनुपमा



बोरिवली (पश्चिम),
१९ डिसेंबर २०२५

प्रिय अनु,

नमस्कार. पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण पहिले दोन दिवस मला तुझा जाम राग आला होता. तिसऱ्या दिवशी गोराईच्या जेट्टीवर बसून पुन्हा वाचलं, तेव्हा जरा कमी झाला. आता उरलेला नाही असं म्हणत नाही, पण जेवण जातंय.

आधी माझं ऐक, म्हणजे फिट्टंफाट होईल. मी लॅब सोडली ती तुझ्यामुळे नव्हे. सर मीटिंगमध्ये बोलले त्याच्या आदल्या आठवड्यात मला वास बनवणाऱ्या कंपनीतून नोकरीचं पत्र आलं होतं. बाबांची गिरणी बंद, दोन बहिणी लग्नाच्या. मी जाणारच होतो. सर बोलले आणि मला जायला ऐटीचं कारण मिळालं. निरोपाच्या दिवशी तू रडत होतीस, तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुणाला तरी आपल्यासाठी वाईट वाटतंय, हे बरं वाटलं यार.

नोकरी चांगली झाली. तीस वर्षं वास बनवले. आंब्याचा तर असा बनवला, की साहेबलोक बाटली सोडेनात. माझी बायको वनमाला देवगडची. तिला हुंगायला दिली, तर म्हणाली, "बरो आसा. पण तुमच्या आंब्याक बाठो खंय हा?" बिनकोयीचा आंबा! तेव्हापासून घरात मी नम्र आहे.

आता उणे अठ्ठ्याहत्तरचं. बारावी तू केलीस हे मी सरांना सांगितलं नाही, कारण काम मी तुझ्या गळ्यात घातलं होतं. आणि तू लिहिलेला आकडा मी खरा मानला. बारावी नीट झाली, म्हणजे घोळ माझ्याच दुसऱ्या कुठल्या तरी पायरीत झाला असणार, असं धरून चाललो. चौदावीत बेसचं रसायन जास्त पडलं आणि हायड्रोजन तिथे उलटला, असं शेवटी ठरवलं. कंपनीच्या बसमध्ये कितीदा ती चौदावी डोक्यात पुन्हा केली असेल. राग आला तो याचा आला. बाकी कशाचा नाही.

परवा रात्री जेवताना वनमालाला म्हटलं, माझा रेणू बरोबर होता. तिने विचारलं, "खंयचो रेणू?" तेव्हा लक्षात आलं, लग्नाला एकोणतीस वर्षं झाली आणि मी तिच्याजवळ कधी तो विषयच काढला नव्हता. मग ताट बाजूला सारून पहिल्या पायरीपासून सगळं सांगितलं. तिला काय कळलं असेल देव जाणे, पण उठली नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "इतक्या वर्सांत माका कित्याक सांगूक नाय?"

नाव लाव. तुझंही ठेव, काढायचा शहाणपणा नको. पहिलं त्या पोरीचं. आणि बाराव्या पायरीत उणे चाळीस लिही. एवढी थंडी लागत नाही हे कळलं, तर पुढच्या माणसाचा ड्राय आइस तरी वाचेल.

पत्त्याचं विचारलं आहेस. बोरिवलीचा नको. अंधेरीच्या लॅबचा लाव. मी तिथे होतो.

बावीसपैकी एकवीस पायऱ्या स्वतः चढलेला,
सहदेव