धुतलेला रस्ता आणि मामंजींची विहीर

४ मार्च १९५८, मंगळ.
स. पुन्हा लॉरी. दोन माणसं जाड नळी धरून बंगळूरच्या चिकपेटेतली आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत धुतात, मागून फिनेल. मामंजी ओट्यावर उभे. सासरे कसले, लॉरीचे मालकच वाटतात. अर्जही त्यांचाच ना. देवळातून सोवळ्यात अनवाणी येताना शेण, थुंकी, रंगाऱ्यांचं पाणी पायाला लागतं म्हणून वर्षभर नगरपालिकेच्या मागे होते. रस्ता छान दिसतो आता. नाही कशाला म्हणू?

७ मार्च
घागर वर आली ती तवंग घेऊन. फिनेलचा वास. चार बादल्या उपसून टाकल्या, तरी तेच. रस्त्यावरचं सगळं वाहून आमच्या परसाच्या भिंतीलगतच्या मोरीत येतं, आणि मोरीचा दगड नेमका विहिरीपाशी फुटलाय. पूर्वी घाण वाळायची, झाडणारी टोपलीत भरून न्यायची. आता पाण्याबरोबर थेट आमच्या घरी.
मामंजींना सांगितलं. "विहिरीला बुडाशी झरा आहे. वरचं आत कसं येईल?" वास घ्या म्हटलं. घेतला. काही नाही म्हणाले. तपकिरीने नाक कधीच गेलंय त्यांचं.

१० मार्च
शेजारच्या गौरक्कांच्या विहिरीलाही वास. त्यांनी सरळ फळ्या टाकून झाकली. "तुमच्याकडे नळ आहे की, अक्का. स्वल्प दिवस नळाचं प्यायचं."
स्वल्प दिवस म्हणे! नळात चामड्याची चकती असते, सोवळ्याला ते पाणी चालत नाही. त्या पाण्याने भांडी घासावीत, लुगडी धुवावीत. मामंजींच्या तोंडात आजवर थेंब गेलेला नाही. आम्ही बाकीचे पितो, ते त्यांना दिसतं, पण बोलत नाहीत. त्यांच्यासाठी मात्र रोज ओलेत्याने मीच विहिरीचं काढते. म्हणजे ती घाण त्यांना पाजणारी मीच.

१३ मार्च
हे नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन आले. रस्ता धुणारे म्हणतात, मोरी आमच्याकडे नाही. मोरीवाले म्हणतात, दगड बदलू, मंजुरी येऊ दे. आणि धुणं थांबवायचं तर ज्यांनी अर्ज केला त्यांनीच तसं लिहून द्यावं.
जेवताना ह्यांनी विषय काढला. मामंजींचा घास हातातच राहिला. "सगळी गल्ली मला हात जोडते. आणि मी लिहून देऊ, पुन्हा घाण करा म्हणून?"
कढी गार झाली.

१७ मार्च
मामंजींचं पोट बिघडलं. दिवसभर परसाकडे फेऱ्या. डॉक्टरांनी एकच विचारलं, पाणी कुठलं पिता? मामंजी म्हणाले, "घरच्या विहिरीचं, शुद्ध."
बाहेर आल्यावर डॉक्टर मला म्हणाले, नळाचं उकळून द्या, या वयात पुन्हा असं झालं तर आवरणार नाही.

१९ मार्च
विहिरीचंच उकळून बघितलं. वास दुप्पट.

२१ मार्च, युगादी
कडुनिंब-गूळ वाटला. मामंजी अंथरुणावरूनच. हात इतके बारीक झालेत, बघवत नाही. मला म्हणाले, "तुझ्या हातचं पाणी पितो म्हणून जगलो बघ या दुखण्यात."
माजघरात येऊन रडले. रागाचं रडू. कुणावर राग, तेही कळेना. लॉरी काय वाईट करते का? आणि म्हातारा काय चुकीचं मागत होता?

२५ मार्च
ह्यांनी हळूच सांगितलं, "नळाचं भर त्यांच्या तांब्यात. त्यांना काय कळतंय?"
"मग तुम्ही भरा."
टोपी घातली, कचेरीला गेले. वडील ह्यांचे, आणि पाप माझ्या माथी.
दु. त्यांचा तांब्या नळाखाली धरला. भरलासुद्धा. मग तुळशीत ओतला. विश्वासाने पितात हो ते.

२८ मार्च
उद्या रामनवमी. दरवर्षी आमच्या ओट्यावर पानकाचा हंडा, गल्लीतून जाईल त्याला पेला. गूळ चिरला, सुंठ-वेलची कुटली. मामंजी आज काठी घेऊन परसापर्यंत आले. "पानक विहिरीचंच हं. रामाचं आहे." सरी, बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
ह्यांना म्हटलं, आता तरी बोला. म्हणाले, सणाचं कशाला.

२९ मार्च, रामनवमी
लॉरी लवकरच आली. सण म्हणून फिनेल जास्त. गल्लीत पाय ठेवावा तर पाण्यात स्वतःचं तोंड दिसतं.
मी नळाची कळशी भरून हंड्यापाशी नेली होती. ठरवलं होतं सगळं. बघते तर मामंजी न्हाऊन, मुकटा नेसून विहिरीपाशी. मला न विचारता स्वतः रहाट ओढत होते. अर्ध्यात धाप लागली, थांबले, पुन्हा ओढला. मी जवळ गेले तर, "शिवू नकोस." भरली घागर हंड्यात त्यांनीच रिकामी केली, त्यांनीच गूळ टाकला. इतके खूश महिनाभरात दिसले नव्हते.
हंडा ह्यांनी ओट्यावर नेऊन ठेवला. वेलचीच्या खाली तो वास येतोय. मला तरी येतोय. गौरक्कांची नातवंडं दारात आलीत. लॉरीवाल्या दोघांना मामंजींनी हाक मारून बोलावलंय, पहिला पेला त्यांचा म्हणून.
स्वयंपाकघरात उभ्याउभ्या लिहितेय. ओगराळं इथेच ताटाळ्यावर आहे. ते घेऊन ये म्हणून मामंजी तिसऱ्यांदा हाक मारतायत.