चाळीस मिनिटांची पत्रं

१२ जानेवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. रागावायचंच असेल तर पुढचं वाचून रागाव, म्हणजे एकदाच काय ते होईल.

मला तुझी मदत हवी आहे. आमची कंपनी नवा लॅपटॉप काढते आहे. घरी बसून सिनेमे बघायचा नव्हे; पूल बांधणारे, इमारती काढणारे, सिनेमे जोडणारे लोक ज्याच्यावर दिवसभर राबतात तो, जाडजूड. त्याला वर्कस्टेशन म्हणतात. त्यातला पंखा मी केलाय; मशीन गार राहिलं तरच ते वेगाने चालतं. शेजारच्या टेबलावर एकजण कायम शिट्टी वाजवत बसतो, म्हणून त्याला आम्ही शिट्टीच म्हणतो, त्यानेही एक केलाय. दोघांतला एकच पंखा मशीनमध्ये बसणार. ज्याचा बसणार नाही त्याची रवानगी प्रिंटर विभागात. ताई, प्रिंटर विभागातून परत आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आमच्या विभागाच्या मॅडमनी फर्मावलंय की खऱ्या कामाच्या माणसांना विचारा, त्यांना काय हवंय. मी चाळीस जणांना फॉर्म पाठवले. एकोणचाळीस जणांनी 'वेगवान' एवढंच लिहिलं आणि एकाने कोराच परत केला. आता तूच वाली. वीस वर्षं पूल काढते आहेस, आणि तोंडावर खरं बोलण्याबद्दल तू घरात बदनाम आहेस. भावोजींनाही विचार.

आईला सांग, स्वेटर घालतो.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे; तिथे सध्या केसही फारसे नाहीत, जागा भरपूर आहे.

तुझा,
बारक्या


२० जानेवारी

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पुलाच्या आकडेमोडीचं बटण दाबलं आणि लगेच कागद ओढला. आता चाळीस मिनिटं मशीनला बोट लावायची सोय नाही. लावलं की ते रुसतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू करतं. माझी आजवरची सगळी पत्रं या चाळीस मिनिटांतलीच, हे तुला ठाऊक आहेच. फोनवर तू नुसता 'हं, हं' करतोस आणि इकडे पंखा असा घोंघावतो की मला तो 'हं'ही ऐकू येत नाही.

हवंय काय ते ऐक. तुम्ही लॅपटॉप दरवर्षी पातळ करता आणि चार्जर मात्र विटेएवढाच ठेवता. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आलाय, शिंप्याने ब्लाउजचं माप घेताना विचारलंन्. साइटवर उन्हात पडद्यात पूल दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. परवा ठेकेदाराला नकाशा दाखवायला गेले, तर त्याने वाकून पाहिलं आणि खिशातून कंगवा काढला. मांडीवर ठेवावा तर मांडी भाजते. आई पाठ शेकायला मागत होती, मी दिला नाही.

तुझे भावोजी सिनेमे जोडतात, त्यांना शांतता हवी. पडद्यावर नायिका हळूच काहीतरी बोलते आणि मागे पिठाची गिरणी चालू असल्यासारखं वाटतं, म्हणे. पण पंख्याच्या झरोक्यापाशी कप ठेवला की चहा तासभर गरम राहतो, ती सोय काढू नका असंही तेच म्हणतात. एकाच माणसाच्या या दोन मागण्या कशा जमवायच्या ते तू बघ.

आणि वेग तर हवाच. बाकी घरी ठीक. आई रोज संध्याकाळी फिरायला जाते, आता नवीन फुटपाथ झालाय त्याच्यावरू

थांब. बारक्या, मी पुलावर माणसंच घेतली नाहीत! गाड्यांचं वजन घातलं आणि दोन्हीकडच्या फुटपाथवरची गर्दी साफ विसरले. सगळं बंद करून पुन्हा लावते. तुला पत्र लिहीत नसते तर कोणाच्या लक्षात आलं असतं?

माया आहेच, ती कळवायला वेगळी ओळ घालवत नाही.

ताई


५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मॅडमनी स्वतः वाचलं. कंगव्यापाशी त्यांना हसून ठसका लागला. उन्हात दिसणारा पडदा त्याच दिवशी मंजूर झाला आणि चार्जर अर्धा करायचं ठरलं. भावोजींच्या चहाचं मात्र जमत नाही. माझा पंखा मशीन फार गार ठेवतो, त्यांना थर्मास घ्यायला सांग.

माझा पंखा बसवलेलं नमुन्याचं मशीन तुझ्याकडे पाठवतोय. तू माझी बहीण आहेस हे मी मॅडमना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तर उत्तमच, बहीण काही भीड ठेवणार नाही. शिट्टीचं मशीन दुसऱ्या एका इंजिनियरकडे गेलंय. तुमचे दोघांचे फॉर्म आले की फैसला. फॉर्मच्या शेवटी एक चौकोन आहे, 'अजून काय हवं होतं?' असा. तो रिकामा सोडलास तरी चालेल. खरं सांगायचं तर सोडच. काल प्रिंटरवाले जिन्यात भेटले आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसले.

तुझ्या कृपेवर आणि दहापैकी दहा मार्कांवर विसंबलेला,
बारक्या


२ मार्च

चि. बारक्यास अ. उ. आ.

मशीन आलं. चाळीस मिनिटांचं काम तीन मिनिटांत! आवाज इतका कमी की चालू आहे ना म्हणून मी दोनदा कान लावून पाहिला. बाकी सविस्तर लि

झालं ते. नंतर लिहिते.

९ मार्च. तेच पत्र पुढे. आईच्या गुडघ्यांचं असं झालं की

झालं.

२१ मार्च. गुडघे बरे आहेत, उगाच घोर नको. झालं.

२ एप्रिल. आज डबा एका हाताने खातेय आणि दुसऱ्या हाताने लिहितेय, तेलाचा डाग पडला तर समजून घे. पूर्वी एक चूक करायला मला चाळीस मिनिटं लागायची, आता तासाभरात वीस करते. काम लवकर होतं हे साहेबांनाही कळलंय, त्यामुळे एका पुलाचे तीन झालेत. संध्याकाळी मशीन घरी आणलं की तुझे भावोजी थर्मास घेऊन माझ्याच टेबलावर येऊन बसतात, त्यांना हे मशीन पळवायचंय.

फॉर्म भरला. पंख्याला दहापैकी दहा, आवाजाला दहा, उन्हाला नऊ. शेवटचा चौकोन रिकामा सोडणार होते, अगदी ठरवलं होतं. पण मला ते खोटं बोलल्यासारखंच वाटायला लागलं. मी लिहिलं, 'या मशीनने मला रोज चाळीस मिनिटं हात लावू देऊ नये. तेवढ्या वेळात मी माझ्या चुका शोधत असे आणि भावाला पत्र लिहीत असे. ते येऊन महिना झाला, भावाला एक पत्र धड पुरं झालेलं नाही.'

टपालातही टाकला. तुला प्रिंटरमध्ये घातलं तर माझ्या नावाने खुशाल खडे फोड.

तुझीच, घरभेदी,
ताई


१४ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मॅडमनी तुझा फॉर्म भर बैठकीत मोठ्याने वाचला. शेवटच्या चौकोनाशी शिट्टी वाजायची थांबली. माझ्या डोळ्यांपुढे प्रिंटर नाचायला लागले. मॅडमनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या की मशीन फार लवकर काम संपवतं, ही तक्रार आपल्याकडे पहिल्यांदाच आली आहे. शिट्टीच्या मशीनवरच्या इंजिनियरचं काम संपायची तर आपण अजून वाट बघतोय. पंखा माझा बसला, ताई! शिट्टी सोमवारपासून प्रिंटर विभागात. जाताना शिट्टी वाजवतच गेला, बिचारा.

आता एक सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. माझ्या टेबलावर अशी वेगवान मशीनं चार वर्षांपासून आहेत. मला कधीच थांबावं लागत नाही. तुला लिहिलेलं एकूण एक पत्र मी चालू काम बाजूला सारून लिहिलंय, दोनदा तर त्यापायी बोलणीही खाल्लीत. तुझी पत्रं आली नाहीत तर मला करमत नाही. या महिन्यात 'झालं', 'झालं' एवढंच आलं. आईच्या गुडघ्यांना झालं काय होतं ते मला शेवटी शेजारच्या काकूंना फोन करून विचारावं लागलं. पंखा जिंकला, पण हे असंच चालणार असेल तर मी प्रिंटर विभागात गेलेलो बरा.

उत्तराची वाट बघत,
बारक्या


१९ एप्रिल

चि. बारक्यास अनेक उत्तम आशीर्वाद, आणि अभिनंदन.

पत्र वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मला वाटायचं, तुझंही मशीन अडकत असणार.

आता सकाळचे अकरा वाजलेत. तीन पूल खोळंबलेत आणि साहेब दोनदा डोकावून गेले. मी मशीन बंद केलंय, त्याचं झाकण लावलंय आणि त्याच्यावरच कागद ठेवून तुला लिहितेय. झाकण अगदी गार आहे रे.

तर आईच्या गुडघ्यांचं असं झालं...