कुंचीची नाडी

५ जानेवारी २०२६, सोमवार

विहीणबाईंचा पुन्हा फोन! "तुमच्या घरी ग्रहण पाळलं न्हाई, म्हणून नातीची बोटं जुळली. पोरीनं सुई धरली आसंल. आधी चूक कबूल करा, मंग आणून घाला तिला."

आणून घाला! माझी शीतल काय पोतं आहे? भाद्रपदातल्या ग्रहणात पोटुशी पोर ग्रहण सुटेपर्यंत पाटावर बसून होती. मी तिथंच जपाला बसलो होतो. आणि ही बाई मला ग्रहण शिकवते!

६ जानेवारी

राग उतरत नाही. जपात मणी चुकले.

९ जानेवारी, शुक्रवार

संभाजीनगरला नातीच्या, अंतराच्या रक्ताचा रिपोर्ट मिळाला. डॉक्टरबाईंनी माझ्या जाकिटाची चेन उघडून दाखवली. "काका, एका पेशीच्या दोन होण्याआधी आतल्या डीएनएची नक्कल होते. धागा असा मधून उघडतो. मग दोन्ही अर्ध्यांना नवा जोडीदार तयार होतो, अक्षराला अक्षर लावून. चुका तपासणारेही आतच असतात. तरी एखादी सुटते."

अंतराच्या बाबतीत एकच अक्षर चुकलं. आईबापाच्या रक्तात ती चूक नाही. बीज तयार होतानाच चुकलं, गर्भ राहायच्याही आधी.

"आणि ग्रहण?"

"तेव्हा आठवा महिना होता. बोटं कधीच घडली होती."

सगळं जावयानं ऐकलं. बाहेर आल्यावर म्हणतो, "पण आईला कोण सांगणार, मामा?"

तूच सांग की! देवानं तोंड दिलंय ना!

११ जानेवारी, रविवार

शीतलच्या सासरी, धावड्याला जाऊन आलो. विहीणबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या. रिपोर्ट पुढं केला, त्यांनी बघितलासुद्धा नाही. "कागद कुणीबी देतं. रामाची शपथ घ्या, पोरीनं सुई धरली न्हाई म्हणून."

घेतली! सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मग म्हणाल्या, "आणा संक्रांतीला." जावई खाली मान घालून शेंगा खात होता. बिलकुल लाज नाही!

१३ जानेवारी, भोगी

शीतल बॅग भरत होती. अंतराची कुंची हातात घेऊन थांबली. "बाबा, ही नाडी मी ग्रहणात शिवली. तुमचे डोळे मिटलेले होते."

मी म्हणालो, "डॉक्टरबाईंनी सांगितलं ना, त्याचा काही संबंध नाही."

पण त्याआधी माझी नजर अंतराच्या बोटांकडे गेली होती. शीतलनं ते पाहिलं.