मिनिटाला सात हजार दोनशे फेरे

चि. रुचि हिला,

तीर्थपुरीहून तुझ्या माहेरच्या शेजारणीचा, पुष्पामावशीचा पोटभर आशीर्वाद. इकडं सगळे बरे, माझी कंबर सोडून. जावईबापूंचा खोकला गेला का? न्हाई गेला तर हळद-दूध दे, गोळ्यावर गोळ्या नको. फोन केला की तू मिटिंगमध्ये, अन् व्हाट्सअपवर लिहिलं की नुसता अंगठा दाखवतीस (मी काय ठेंगा बघायला लिहिते का?). म्हणून तुझी आई संतोषबाई पापड पाठवून राह्यली, त्या डब्याच्या तळाला ही चिठ्ठी. पापड संपल्याबिगर सापडायची न्हाई, तवा जल्दी संपव.

पहिले तर तुझे उपकार. जुनी हार्ड डिस्क कटकट करायला लागली म्हणजे मरायला टेकली, दुसरी आणून सगळं तिच्यात उतरव, असं तू ओरडली नसतीस तर आमच्या फोटो स्टुडिओतली सगळी लग्नं बुडाली असती. त्यात तुझंबी. तू आल्बम नेलास, व्हिडिओ 'नंतर येऊन नेते' म्हणलीस, अन् आलीस कुठं? अन् त्यातच गिरधारीलालजींचा नाच! तुझे दादाजी आडतीच्या गादीवरून हलत न्हाईत अन् हसतबी न्हाईत, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. पण वरात दारात आली तवा ते पगडी धरून नाचले, अन् दुसऱ्या दिवसापासून म्हणून राह्यले, "मैं नाचा ही नहीं." पुरावा फक्त आमच्या काकासाहेबांच्या कॅमेऱ्यानं धरलेला (नवऱ्याला तेवढं एक काम बराबर येतं), अन् तो ह्या कटकट्या डिस्कमध्ये. ती गेली की दादाजी सुटले.

तू शिकवलेलं मी पाठ करत अंबडला गेल्ते. डिस्कच्या आत ताटल्या असतात, त्या फिरतात. तेवढाच माल कमी ताटल्यांत बसला तर गरमी कमी, आवाज कमी. फेरे जास्त तर काम जल्दी, फेरे कमी तर ठेवणीला बरी. यष्टीत शेजारच्या बाईला वाटलं मी स्तोत्र म्हणून राह्यले, तिनं हात जोडले. मीबी जोडले, सांगत कोण बसतं.

तिथं कॉम्प्युटरच्या दुकानातल्या पारसनं दोन डिस्क पुढं ठेवल्या. एक मिनिटाला पाच हजार चारशे फेऱ्यांची, दुसरी सात हजार दोनशेची. (तुमच्यात सात फेऱ्यांत जन्माची गाठ बसती, ही किती जन्म बांधती कुणाला ठाऊक.) माझा स्वभाव तुला माहीत हाय, मी जास्त फेऱ्यांची उचलली. ताटल्या किती विचारलं तर म्हणे, "मावशी, ताटल्या कोण मोजतं?" मी म्हणलं, जेवायला बसवणारा मोजतो. डब्यावर फेरे लिहिलेले, ताटल्या न्हाईत. अन् मी टरबूजबी चकती काढल्याबिगर घेत न्हाई. मंग घरी आल्यावर काकासाहेबांच्या कॅमेऱ्याच्या हत्यारांतला चांदणीच्या तोंडाचा पेचकस घेतला अन् उघडली.

एकच ताटली! तू सांगितलीस तशी कमी ताटल्यांचीच निघाली. अन् काय चकाकती गं, आरसा झक मारील. आता माझ्या माहेरी पिठाची गिरणी, नवा दगड आला की हळदीकुंकू वाहिल्याबिगर चालू करायचा न्हाई, ही रीत. फिरणारी वस्तू हाय, मान दिला पाहिजे. ताटलीवर हळदीकुंकू वाहिलं, दोन अक्षदा टाकल्या, पेच आवळले अन् कॉम्प्युटरला जोडली. जात्यात खडा आल्यावाणी करकर केलं अन् गप.

परत नेली. पारसनं झाकण काढलं अन् डोक्याला हात लावून बसला. म्हणे ह्यात धूळ गेली तरी मरती, तुम्ही तर पूजा घातली. मी म्हणलं, मंग वर लिहायचं होतं. म्हणे लिहिलंय, इंग्रजीत. इंग्रजीत लिहिलं म्हणजे पारसनं वाचायचं अन् मला सांगायचं, एवढंबी कळत न्हाई त्याला.

जास्त फेऱ्यांची दुसरी न्हवती, म्हणून सावकाश फिरणारी आणली. ही उघडली न्हाई, आईची शपथ. ताटल्या असतील तेवढ्या असू दे. पण काय तिची चाल! कॉम्प्युटरवरची हिरवी पट्टी गोगलगाईवाणी सरकून राह्यली अन् जुनी बाजूला कटकट करून राह्यली. मी जुनीला हात जोडून म्हणलं, बाई, एवढं उतरू दे, मंग खुशाल मर. सगळ्यात आधी तुझं लग्न लावलं. तुझं उतरलं, बाकीचीबी उतरली, अन् मंगच तिनं जीव सोडला. तुझ्यामुळं वाचलं सगळं. देव तुझं भलं करो, अन् तुला मिटिंगमधून काढो.

तुझी
पुष्पामावशी

ता.क. काकासाहेबांना मी 'कंपनीनंच खराब पाठवली' सांगितलंय. तू तोंड उघडू नको. ती ताटली स्टुडिओत खिळ्याला लावली, नवऱ्या मुली तिच्यात बघून टिकली बरोबर करतात. वाया काही गेलं न्हाई.

ता.क. दुसरं. व्हिडिओ वाचला हे कळल्यावर दादाजी स्वतः स्टुडिओत आल्ते. म्हणे, ते पुसून टाक. मी म्हणलं, आधी बघा तर. बघितलं. म्हणे, परत लाव. परत लावलं. तिसऱ्यांदा पायानं ठेका धरून राह्यले (मी कॉम्प्युटरकडंच बघत राह्यले, म्हातारा माणूस). जाताना विचारलं, "रुचि को भेजा क्या?" न्हाई म्हणलं. म्हणे, "मत भेजना. आएगी तब देखेगी." अन् कुणाला सांगू नको म्हणले, म्हणून फक्त तुलाच लिहून राह्यले.

ता.क. शेवटचं. तवा मी व्हिडिओ पाठवणार न्हाई, अंगठा दाखव न्हाईतर हात जोड. दिवाळीला ये. येताना जास्त फेऱ्यांची एक डिस्क घेऊन ये. ताटल्या तूच विचारून घे. कुंकू मी वरूनच लावीन.